आईची गादी आणि शंभर मुरमुरे

आमच्या घरात झोपण्याच्या वस्तू पुढीलप्रमाणे होत्या. लोखंडी पलंग दोन, लाकडी दिवाण एक, सुतळीची खाट एक. कापसाच्या गाद्या पाच, त्यातल्या दोन गादीपेक्षा फरशीला जवळच्या. गोधड्या चौदा. उशांचा आकडा देता येत नाही, कारण दोन उशा शिवून एक केलेली होती आणि एकीतली सरकी गळून तिची अर्धीच उरली होती. माणसं तीन: बाबा, आई आणि मी. झोपणारी माणसं दोन.

न झोपणारी म्हणजे आई. तिला उजव्या कुशीवर झोपायची सवय. थोडा वेळ झाला की खुबा ठणकायला लागतो, मग ती उठून पलंगाच्या कडेला बसते आणि भिंतीकडे बघत राहते. बाबांना हे माहीत नव्हतं, कारण बाबा झोपणाऱ्यांपैकी. गोंदियाच्या डॉक्टरांनी हाडाचे फोटो काढून सांगितलं, "हाड चांगलं आहे. सगळा भार एकाच जागी पडतो. दाब वाटला जाईल अशी गादी घ्या."

हे वाक्य ऐकून मला फार आनंद झाला. आईच्या दुखण्याचा नव्हे, वाक्याचा. मी फिजिक्सची पदवीधर आहे आणि दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ, हे सूत्र घरात उपयोगी पडण्याची वाट मी तीन वर्षांपासून पाहत होते.

माझी नोकरी गोंदियाच्या एका राइस मिलमध्ये आहे. तिथल्या प्रयोगशाळेत मी तांदळाचा ओलावा मोजते आणि तुकडा मोजते. तुकडा म्हणजे शंभर दाण्यांत फुटलेले दाणे किती. दिवसभर चिमटा घेऊन अख्खा इकडे, फुटका तिकडे. हे काम करणारं माणूस हळूहळू सगळ्या जगाकडे त्याच नजरेनं पाहू लागतं. त्यामुळे गादीचा दाब मोजायचा प्रश्न आला तेव्हा मला दुसरं काही सुचणं शक्यच नव्हतं.

मी शंभर अख्खे मुरमुरे निवडले, मलमलच्या फडक्याची चपटी पुरचुंडी शिवली आणि आईच्या नकळत चादरीखाली, खुब्याच्या जागी ठेवली. सकाळी उघडून मोजलं. सदुसष्ट फुटलेले.

"काय करून राहिली वं?" आईनं विचारलं.

"तुझ्या गादीचा तुकडा सदुसष्ट टक्के आहे," मी म्हटलं. "असा तांदूळ आम्ही मिलमधून परत पाठवतो."

"अन् मुरमुऱ्याचा भुगा कोण खाईन? तुही प्रयोगशाळा?"

भुगा मीच खाल्ला. विज्ञानाला किंमत मोजावी लागते, ती बहुतेक वेळा नाश्त्याला मोजावी लागते.

मग मी अभ्यास केला. अभ्यासाचा निष्कर्ष असा की आईला हायब्रीड गादी हवी. म्हणजे खाली स्प्रिंगा, वर फोम. स्प्रिंगा अंग तोलून धरतात आणि फोम खुब्याला, खांद्याला आत जागा देतो. हे मी जेवताना ताटातल्या पोळीवर भाताची मूद ठेवून समजावून सांगितलं. बाबा शेतकरी माणूस. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "हायब्रीड धानाचं बी दरसाल नवीन घ्या लागते. हे गादीबी दरसाल घ्या लागन का?"

"नाही बाबा."

"मंग ठीक आहे."

खरा धोका शेजारी होता. शेजारी म्हणजे केवळराम काकाजी. ते ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत दोनदा पडले आहेत, पण गावानं नाकारलेलं मार्गदर्शन ते आजही घरोघर जाऊन देतात. त्यांच्या मते माणसानं फळीवर झोपावं. दुसऱ्या दिवशी त्यांचं मत नारळाच्या काथ्यावर आलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी जाहीर केलं की आपण स्वतः दुकानात येणार, कारण "पोट्टी शिकली आहे, म्हणून दुकानदार लुटन. शिकलेल्याले लुटाले सोपं रायते."

अशा रीतीनं आई, मी आणि काकाजी गोंदियाला मुन्नालालजींच्या दुकानात दाखल झालो. दुकान लांबलचक, दोन्ही बाजूंना गाद्या अंथरलेल्या. मुन्नालालजी म्हणाले, "लेटके देखिए माताजी, लेटे बिना कैसे समझेगा?"

आईनं पदर डोक्यावर घेतला. "मी नाई निजत. चार माणसाईत बाईनं निजावं का?"

"अगं, दुकान आहे ते."

"दुकानात त अजूनच नाई."

तिनं प्रत्येक गादीची परीक्षा बाजारात वांगी बघतात तशी केली. अंगठ्यानं दाबायची, सोडायची, चेहरा निर्विकार ठेवायचा. अंगठ्याचा खुबा होत नाही हे मी तिला सांगितलं. तिनं माझ्याकडे निर्विकार चेहऱ्यानं पाहिलं.

शेवटी काकाजी पुढे आले. "वहिनीच्या बदली मी निजतो," ते म्हणाले, आणि चपला काढून हायब्रीड गादीवर उजव्या कुशीवर आडवे झाले. मी पटकन पर्समधून शंभर मुरमुऱ्यांची नवी पुरचुंडी काढून त्यांच्या खुब्याखाली सरकवली.

"मैडम," मुन्नालालजी म्हणाले, "चिवड़ा बाहर बैठके खाइए."

"हा चिवडा नाही, उपकरण आहे."

मुन्नालालजींनी उपकरणाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि आईला हळूच विचारलं, "बिटिया की शादी हो गई?"

तेवढ्यात काकाजी घोरू लागले. फळीचे पुरस्कर्ते, काथ्याचे प्रचारक केवळराम काकाजी भर दुकानात, उघड्या तोंडानं. एक नवं लग्न झालेलं जोडपं गादी बघायला आलं होतं, ते दोघं थांबून काकाजींकडे बघू लागले. मुन्नालालजी त्यांना म्हणाले, "देखिए, हम कुछ नहीं बोलते. माल बोल रहा है." जोडप्यानं तीच गादी घेतली. काकाजी उठले तेव्हा त्यांच्या पुरचुंडीत बारा मुरमुरे फुटलेले निघाले. मी गादी पक्की केली. आईच्या शरीराची निवड काकाजींच्या शरीरावर आधारून करणं शास्त्रीयदृष्ट्या कच्चं होतं, पण वजनं जवळपास सारखी होती. हे मी आईला सांगायला नको होतं.

मुन्नालालजींनी अटी सांगितल्या. महिनाभर वापरून पाहा, नाही जमली तर परत घेऊ. फक्त डाग नको. "एक भी दाग नहीं मैडम, नहीं तो हमारे हाथ बंधे हैं."

गादी हवा काढून, गुंडाळून, जाड प्लॅस्टिकमध्ये आवळून एका उभ्या खोक्यात दिली होती. आम्ही ती आमच्या तालुक्याच्या गोरेगावपर्यंत (मुंबईचं नव्हे) आणली आणि तिथून आमच्या गावाकडे जाणाऱ्या काळ्यापिवळ्या जीपमध्ये चढवली. जीपचा मालक आणि चालक उमेंद्र. त्यानं खोक्याकडे पाहून एका सवारीचं भाडं सांगितलं. आम्ही मान्य केलं. गोरेगावचा आठवडी बाजार असल्यामुळे जीपमध्ये वांग्यांची पोती, दोन कोंबड्या आणि मोजणं सभ्यपणाचं ठरणार नाही इतकी माणसं होती. आई आणि मी पुढे बसलो. काकाजी मागे, खोकं मांडीजवळ धरून.

धानाच्या बांध्यांमधून, म्हणजे भातखाचरांमधून, जीप वळणं घेत असताना काकाजींच्या मनात एक शंका आली. त्यांच्या साडूच्या पोरानं मोबाइल मागवला होता आणि डब्यात विटेचा तुकडा निघाला होता. एवढी मोठी गादी एवढ्याशा खोक्यात मावतेच कशी? त्यांनी ही शंका मला विचारली असती तर मी उत्तर दिलं असतं. त्यांनी ती खिशातल्या अडकित्त्याला विचारली.

आधी फुसफुस ऐकू आली. मला वाटलं टायर. मग कोंबड्या ओरडल्या. मागे वळून पाहिलं तर खोक्यातून एक पांढरी, गुबगुबीत वस्तू सावकाश, पण कुणाचंही न ऐकता बाहेर येत होती. काकाजी तिला दोन्ही हातांनी आत दाबत होते आणि ती त्यांना तितक्याच शांतपणे बाहेर ढकलत होती. न्यूटनचा तिसरा नियम इतक्या स्पष्टपणे मी प्रयोगशाळेतही पाहिला नव्हता.

"उमेंद्र, थांबव गा! वाढून राहिली!"

"काय वाढून राहिली?"

"गादी!"

उमेंद्रनं जीप थांबवली तेव्हा तीन बायका छताला टेकल्या होत्या आणि वांग्यांचं पोतं खिडकीबाहेर गेलं होतं. त्यानं उतरून, कमरेवर हात ठेवून पाहणी केली.

"ताई, मी एका सवारीचं सांगितलं होतं."

"तेव्हा ती एकाच सवारीएवढी होती."

"मंग आता तीन सवारीची झाली. भाडं तीन सवारीचं."

"वजन तेवढंच आहे," मी म्हटलं. "वस्तुमान बदललेलं नाही. फक्त घनता..."

"ताई, मी वस्तुमानाचं भाडं नाई घेत. जागेचं घेतो."

त्याचा मुद्दा बरोबर होता. यामुळे मला अधिक राग आला. उरलेला रस्ता गादी टपावर आणि तिच्यावर, ती उडू नये म्हणून, काकाजी बसून आले. गावात शिरताना लोकांना वाटलं काकाजी शेवटी निवडून आले.

घरी आल्यावर नवा पेच. आमच्याकडे नवी वस्तू आली की तिला हळदीकुंकू लागतं. सायकल, पंप, फवारणीचं यंत्र, माझी स्कूटी, सगळ्यांना लागलं आहे. आई ताट घेऊन आली आणि पाच बोटं कुंकवात बुडवून उभी राहिली. मी गादीवर आडवी पडले.

"सरक."

"आई, डाग पडला तर परत घेणार नाहीत."

"देवाच्या कुंकवाले डाग म्हणतेस?"

"मी नाही, मुन्नालालजी म्हणतात."

शेवटी तडजोड निघाली. पूजा खोक्याची झाली. खोक्याला पाच बोटं, खोक्याला फूल, खोक्यासमोर नारळ. ते खोकं पुढे किती तरी दिवस कोपऱ्यात उभं होतं आणि येणारे लोक त्याला नमस्कार करून मगच गादी बघायचे.

त्या रात्री मी आईचं अंथरूण नव्या गादीवर घातलं, चादरीखाली पुरचुंडी ठेवली आणि निश्चिंत झोपले. सकाळी मोजलं. एकही मुरमुरा फुटलेला नव्हता. पुन्हा मोजलं. शंभरपैकी शून्य.

मी अंगणात धावत गेले. बाबांना सांगितलं, काकाजींना सांगितलं, मुन्नालालजींना फोन केला. ते म्हणाले, "लिखके भेजिए मैडम, दुकान में लगाएँगे." मी लिहायला बसले. दोन परिच्छेद झाले, त्यात दाबाचं सूत्रही बसवलं, तेव्हा बाबा दात घासत आले.

"शून्यच निंगन," ते म्हणाले. "तुही माय खाली सतरंजीवर निजली होती."

मी आईकडे गेले. ती चुलीपुढे होती.

"आई, काऊन?"

"मंडई तोंडावर आली," आई म्हणाली. "पाहुणे येतीन. त्यायच्या आधी मी निजून खराब करू का?"

इथे मंडईबद्दल सांगायला हवं. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार, रात्री नाटक आणि घरात पाहुणे. मंडईला आलेल्या पाहुण्यासाठी माणूस स्वतःची खाट सोडतो, तव्यावरची पहिली पोळी सोडतो, आणि आईसारखी बाई असेल तर तिच्याचसाठी आणलेली गादीही सोडते. घरातली सर्वांत चांगली वस्तू पाहुण्याची, हा आमच्याकडे वाद घालण्याचा विषय नाही. मी तरी घातला.

"गादी तुझ्यासाठी आणली आहे. तुझ्या खुब्यासाठी."

"खुबा कुठं पळून चालला? मंडई झाली का निजीन."

"महिना संपेल. नाही जमली तर परत कशी करू?"

"मंग जमन," आई म्हणाली आणि पोळी उलटली.

ती रोज सतरंजीवर झोपत राहिली आणि आता तर फरशीवरच उठून बसू लागली. गादी मधल्या खोलीत मोकळी पडून राहायची. तिच्यावर चादरही नव्हती, कारण चादर घातली तर पाहुण्यांना गादी दिसणार कशी? मी रोज मिलमध्ये फुटके दाणे वेगळे करताना हिशोब मांडायचे: गादी आहे, आई आहे, दोघींमधलं अंतर एक फूट आहे आणि ते कुठल्याही सूत्रानं मिटत नाही.

मंडई आली. मामाजी आले, मामीजी आल्या, बाबांच्या आतेभावाचं आख्खं कुटुंब आलं. गादीवर पाळीपाळीनं सगळे बसले, उड्या मारल्या, वर बघून "वा!" म्हणाले. मी चहाचा प्रत्येक कप गादीपासून दूर अडवला. विड्याचं पान खाल्लेल्या मामाजींना मी तीनदा तोंड धुवायला लावलं, तेव्हा मामाजी बाबांना म्हणाले, "भाऊजी, पोरगी मिलमध्ये आहे का रेल्वेच्या सफाई खात्यात?" मी अपमान गिळला. पाहुणे नाटकाला गेले. गादी पांढरीशुभ्र राहिली.

पण नाटकाची मंडळी बाहेरगावची असते आणि त्यांची सोय गावातल्या घरांत वाटून दिलेली असते. आमच्या वाट्याला लीलाधरजी आले. ते नाटकातले खलनायक. उजाडल्यावर नाटक संपलं आणि ते आमच्या दारात उभे राहिले. काळ्या जाड भुवया, कानापर्यंत वळलेल्या रंगवलेल्या मिशा, लालभडक ओठ, गालावर तलवारीची खूण. आवाज मात्र अगदी मऊ.

"वहिनी, थोडं टेकू का? चार दिवस झाले, गाडीतच झोपून राहिलो."

मी तोंड उघडलं. आईनं माझ्याकडे पाहिलं. मी तोंड मिटलं.

"चला भाऊ," आई म्हणाली. "नवी गादी आहे."

"तोंड..." मी म्हटलं. "तोंड धुऊन घेता का? गरम पाणी देते."

"देतेस माय? फार बरं होईन," लीलाधरजी म्हणाले. मी पाणी आणायला गेले. परत आले तेव्हा ते गादीवर पालथे पडले होते, उशीशिवाय, चेहरा थेट फोममध्ये. दाब चांगला वाटला गेला होता.

खलनायक आपल्या गावात झोपला आहे ही बातमी पसरली आणि आमच्या खिडकीशी गर्दी झाली. रात्री ज्यानं नायिकेला विहिरीत ढकललं, तो माणूस लहान बाळासारखा घोरत होता. बायका म्हणाल्या, "निजते त भोळ्यावानी." दुपारी कंपनीची गाडी आली, कारण पुढच्या गावी पुढचा प्रयोग होता. गाडीनं भोंगा वाजवला. मॅनेजरनं हाका मारल्या. नायिकेनं स्वतः येऊन पायाला गुदगुल्या केल्या. शेवटी चौघांनी त्यांना उचलून उभं केलं. लीलाधरजींनी डोळे उघडले, आईच्या पायाला हात लावला आणि म्हणाले, "वहिनी, अशी झोप लग्नानंतर पहिल्यांदा लागली."

ते गेले. त्यांचा चेहरा राहिला.

गादीच्या वरच्या भागात, बरोबर मध्यभागी. भुवया, मिशा, ओठ, खूण, सगळं तेलकट रंगात, जागच्या जागी. फक्त उलटं, म्हणजे डाव्या गालावरची खूण उजव्या गालावर. आधी मी साबण लावला. त्यानं मिशा पसरून जास्त क्रूर झाल्या.

मी फोटो काढून मुन्नालालजींना पाठवला. लगेच फोन आला.

"मैडम, ये आदमी कौन है?"

"डाग आहे."

"दाग नहीं है मैडम, ये तो पूरा आदमी है. वापस लेके मैं इसको किसको बेचूँ? ग्राहक लेटने आएगा, पहले इससे पूछना पड़ेगा."

"महिना अजून संपलेला नाही."

"महीना आपका, मूँछ आपकी. हमारे हाथ बंधे हैं."

काकाजी आले, चष्मा लावून त्यांनी चेहऱ्याची पाहणी केली आणि सल्ला दिला, "पलटून टाक." मी त्यांना सांगितलं की हायब्रीड गादी पलटता येत नाही, खालून स्प्रिंगा आहेत, फोम एकाच बाजूला असतो. काकाजी म्हणाले, "म्हणून म्हणत होतो, फळी घ्या."

मी ओसरीत जाऊन बसले. माझा अभ्यास, माझं सूत्र, माझी तीन सवारीची गादी. आता ती परतही जाणार नव्हती आणि आई तिच्यावर झोपणारही नव्हती. मला रडू आलं नाही, पण नाक वाहत होतं.

आत आई गादीपुढे उभी होती. बराच वेळ ती त्या चेहऱ्याकडे बघत होती आणि तो तिच्याकडे.

"आता याच्यावर पाहुण्याले कसं निजवू वं?" ती म्हणाली. "पाहुणा चादर सरकवन, त हा खालून डोळे वटारून राहीन."

"नाहीच निजवता येणार," मी म्हटलं.

"मामाजीले देऊ म्हणत होती मी पुढच्या बारीले. आता कशी देऊ?"

"नाही देता येणार."

"कोणालेच नाई देता येत."

"कुणालाच नाही."

आईनं दीर्घ श्वास घेतला. वस्तू वाया गेल्याचा होता, पण त्यात दुसरंही काही होतं. मग ती म्हणाली, "पकड तिकून. फिरवू. याचं तोंड पायाकडे घे."

आम्ही दोघींनी गादी फिरवली. आईनं आपली जुनी, तीन बाजूंनी उसवलेली गोधडी आणून वर अंथरली, म्हणजे नवेपणा उरलासुरला तोही झाकला. बाबा दारात उभे राहून म्हणाले, "त्याच्या तोंडावर पाय देऊन निजशीन?"

"रातभर विहिरीत ढकलत होता त्या पोरीले," आई म्हणाली. "त्याले काही त भोगा लागन."

मी गोधडीखाली, खुब्याच्या जागी, नवी पुरचुंडी ठेवली. आईनं पाहिलं आणि गोधडीचा कोपरा वरून सारखा केला.

सकाळी मला पुरचुंडी वेळेवर काढता आली नाही. ऊन अंगणातून ओसरीत आलं, शेळ्या ओरडायला लागल्या, काकाजी चहाला येऊन बसले. बाबांनी स्वतः चहा मांडला, त्यात साखर घालायला विसरले, आणि काकाजी काही सल्ला देणार तोच त्यांच्या तोंडावर बोट ठेवलं.

"हळू बोल गा. निजली आहे ते."

आई उठून न्हाणीत गेल्यावर मी गोधडी उचलली, पुरचुंडी उसवली आणि ताटात चिमट्यानं अख्खे इकडे, फुटके तिकडे केले.

शंभरपैकी अकरा.